आवाजाचा रकाना

टीव्हीखालच्या टेबलावर त्या रविवारी तीन मीडिया प्लेअर होते, चार रिमोट, दोन वायरी आणि एक हार्ड डिस्क. डिस्कमध्ये तेवीस फाइल. सगळ्यात लहान फाइल मिनिटभराची, सगळ्यात मोठी पंचवीस मिनिटांची. तेवीसच्या तेवीस फाइलींमध्ये चित्र होतं आणि चित्रात आई होती. आवाज एकीतही नव्हता.

आईचं आजारपणातलं शेवटचं वर्ष काकाने कॅमेऱ्यात घेतलं होतं. बाबा लिफ्टच्या दुरुस्तीला जायचे, मी शाळेत असायचे, धाकटी चिंगी जेमतेम दीड वर्षाची. दुपारी आईजवळ कोणीतरी हवं म्हणून काका येऊन बसायचा. तो जमीन मोजणाऱ्या कचेरीत नोकरीला होता. तिथला कॅमेरा मागून आणायचा आणि आई खिडकीशी बसून वाटाणे सोलत, बटणं लावत, कपड्यांच्या घड्या घालत बोलायला लागली की तिच्यासमोर धरायचा. आई गेल्यावर त्याने सगळ्या फाइल एका डिस्कवर उतरवून आणून दिल्या. कॅमेरा पुसून कचेरीत परत गेला.

बाबांनी डिस्क टीव्हीला लावली. आईचे ओठ हलत होते आणि खोलीत चिडीचूप.

बाबा ती डिस्क घेऊन ज्या दुकानातून टीव्ही घेतला होता तिथे गेले. दुकानदाराने आपल्याकडच्या टीव्हीला लावून पाहिली आणि सांगितलं की माइक बंद राहिला असेल, नाहीतर कॉम्प्युटरवर उतरवताना आवाज गेला असेल. बाबांनी दुसरी शक्यता धरली. त्याच संध्याकाळी ते काकाला म्हणाले, "ती गेली ते कुणाच्या हातात नव्हतं. तिचा आवाज मात्र तू घालवलास." मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि दाराआडून ऐकत होते. काका एक शब्द बोलला नाही. चपला घातल्या आणि निघून गेला. त्यानंतर तो मला फोन करायचा, वाढदिवसाला चिंगीसाठी काहीतरी पाठवायचा. पण आमच्या घराचा जिना त्याने चढला नाही.

तेव्हापासून घरात एक नियम होता. डिस्क कॉम्प्युटरला लावायची नाही. कॉम्प्युटरने आवाज खाल्ला, उद्या चित्र खाईल. बाबांनी ती चिकटपट्टीने टीव्हीच्या पाठीला पक्की केली होती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. चिंगी बोलायला लागली तेव्हा टीव्हीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "आई काय म्हणते?" बाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आई म्हणते, चिंगे, दूध संपव. नाहीतर येऊन कान धरीन." चित्रात आई खरंच बोट नाचवत होती, त्यामुळे ते चपखल बसलं. पुढच्या रविवारी चिंगीने पुन्हा विचारलं. बाबांना तेच सांगावं लागलं, कारण एक शब्द इकडचा तिकडे झाला की ती पकडायची. होता होता तेवीसही फाइलींना बोल लागले आणि ते पक्के झाले. दर रविवारी सकाळी बाबा खुर्चीत बसायचे, चिंगी खाली मांडी घालून, आणि बाबा आईचं बोलायचे. आवाज बारीक वगैरे करत नसत. आपल्याच घोगऱ्या, मशीनच्या खोलीत ओरडून ओरडून जाड झालेल्या आवाजात बोलायचे. चिंगी आता साडेदहा वर्षांची झाली होती आणि तिला हे सगळं तोंडपाठ होतं. सतरा नंबरची फाइल तिची सगळ्यात लाडकी. त्यात आई वाटाणे खाली ठेवते आणि कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघत बराच वेळ बोलते. बाबा म्हणायचे, "मी कुठे जात नाही. तुम्ही आहात तिथेच मी आहे." परीक्षेला निघताना चिंगी दारात उभी राहून हे वाक्य पुटपुटायची.

मग टीव्हीचं यूएसबीचं भोक सैल झालं. चित्र अडकायला लागलं. एकदा तर आईची पापणी अर्धी मिटलेली तशीच राहिली आणि चिंगी रडायला लागली. टीव्ही बाकी ठणठणीत होता, म्हणून डिस्क वाचणारा वेगळा प्लेअर घ्यायचं ठरलं.

"एमएस्सी झालीस ना फिजिक्समध्ये?" बाबा म्हणाले. "मग एक डबा निवडून दे. एवढं तरी जमेल."

मी तीन प्लेअर जमवले. एक दुकानातून परतीच्या बोलीवर आणला, एक बाबांच्या कामावरच्या वायरमनचा, एक माझ्या मैत्रिणीच्या घरी पडून असलेला. कागदावर तक्ता केला: किती फाइल उघडतात, चित्र अडकतं का, थांबवलं तिथून पुढे सुरू होतं का, डबा किती तापतो, रिमोटची बटणं बाबांच्या बोटांना दाबता येतात का. पाच रकाने. आवाजाचा रकाना मी केला नव्हता. मुक्या फाइलींना तो कशाला?

"आली आमची प्रयोगशाळा," बाबा म्हणाले, पण खुर्ची पुढे ओढून बसले.

पहिल्या प्लेअरने एकोणीस फाइल उघडल्या आणि चारांपुढे हात टेकले. दुसऱ्याने सगळ्या उघडल्या, पण अर्ध्या तासात असा तापला की चिंगी म्हणाली, "ताई, ह्याच्यावर इस्त्री करता येईल." दोन्ही वेळा चार नंबरची फाइल लावली की बाबा न चुकता दूध संपवायला सांगत होते. ती आमची चाचणीची फाइल ठरली होती.

तिसरा प्लेअर काळा, साबणाच्या वडीएवढा. मी वायर जोडली, चार नंबर लावला. आई खिडकीशी बसलेली दिसली. तिने मान वर केली, बोट उचललं. बाबांनी ठरल्या जागी श्वास घेतला आणि म्हणाले, "चिंगे, दूध—"

"अहो भावजी, कॅमेरा वर घ्या की जरा!"

खोलीत एक बाई ओरडली होती.

"खालून धरलात की माझी मान बदकासारखी दिसते. किती वेळा सांगायचं?"

बाबा बातम्या ऐकतात तेवढ्या मोठ्या आवाजावर टीव्ही होता. मशीनच्या खोल्यांमुळे त्यांना ऐकू कमी येतं, आणि मुक्या फाइलींसाठी आवाज कमी करायची गरजच कधी पडली नव्हती. त्यामुळे आई अक्षरशः गरजली. बाबांचं तोंड 'दूध'वर उघडं राहिलं. चिंगी किंचाळून खुर्चीमागे पळाली. टीव्हीतून आता एका तरुण माणसाचं खो खो हसणं येत होतं, आणि ते काकाचं होतं.

मी रिमोटवर थांबवायचं बटण दाबलं. मला आईच्या आवाजाची पट्टी अंधुक आठवत होती, असं मी इतकी वर्षं समजत होते. मला आठवत होता तो आवाज हा नव्हता. हा जास्त उंच होता, जास्त घाईचा.

शिकवलेलं असतं ते अशा वेळी हात आपोआप करतात. मी प्लेअर बंद करून पुन्हा चालू केला. "अहो भावजी." वायर काढून दुसऱ्या प्लेअरला लावली. मुकं चित्र. पुन्हा तिसरा. "अहो भावजी, कॅमेरा वर घ्या की जरा!" तीनदा लावलं, तिन्ही वेळा ती बोलली.

"बंद कर!" चिंगी खुर्चीमागून ओरडली. "ही कोण आहे?"

"आई आहे, चिंगे."

"नाही! आईचा आवाज असा नाहीये! आईचा आवाज बाबांसारखा आहे!"

मी बाबांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे बघत नव्हते, टीव्हीच्या पाठीला राहिलेल्या चिकटपट्टीच्या तुकड्याकडे बघत होते.

"म्हणजे आवाज इथेच होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कायम?"

"हो, बाबा. कॅमेऱ्याने आवाज ज्या पद्धतीने साठवला होता ती पद्धत आपल्या टीव्हीला वाचता येत नाही. पहिले दोन डबे आवाज न उलगडता तसाच टीव्हीकडे ढकलत होते. हा तिसरा स्वतः उलगडतो आणि मग पुढे देतो."

"पण दुकानात लावून बघितली होती मी."

"त्याच टीव्हीवर, बाबा. आपल्यासारख्याच."

एकाच प्रकारच्या दोन टीव्हींवर केलेली चाचणी ही एकच चाचणी असते. हे मी मनात म्हटलं, मोठ्याने नाही. जो माणूस लिफ्टच्या दोराची नुसती कुरकुर ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो, तो खुर्चीत बसला होता आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

"त्याला फोन लाव," ते म्हणाले.

मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"बोला शास्त्रज्ञ बाई," काकाचा आवाज आला. "आज रविवारी कशी काय आठवण?"

"काका, आवाज आहे."

"कसला आवाज?"

"आईचा. फाइलींमध्ये. तू घालवला नव्हतास. कोणीच घालवला नव्हता. टीव्हीला वाचता येत नव्हता, एवढंच."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काका?"

"सतरा नंबर लावलास का?" त्याने विचारलं. आवाज एकदम कोरडा झाला होता.

"नाही अजून. का?"

"लावू नकोस. मी निघालो. दादा आहे का तिथे? त्याला लावू देऊ नकोस."

"दादा ऐकतोय," बाबा म्हणाले. फोन कट झाला.

काका यायला तासभर लागला. तेवढ्या वेळात बाबांनी प्लेअरला हात लावला नाही आणि मलाही लावू दिला नाही. चिंगी कानांवर उशी दाबून पलंगावर पडली होती. जिन्यावर पावलं वाजली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. काका पूर्वी यावरून बाबांना छळायचा, लिफ्टवाल्याच्या घरी यायचं तर आधी दमून मरा. आता तो दारात धापा टाकत उभा होता, पोट सुटलेला, कानांशी पांढरा झालेला, आणि चेष्टा करत नव्हता.

बाबा उठले. दोघांच्या मध्ये चपलांचा ढीग होता.

"मी तुला काय काय बोललो रे," बाबा म्हणाले.

"जाऊ दे."

"जाऊ कसं दे? मी तुला घराबाहेर काढलं आणि तू तोंडातून ब्र काढला नाहीस! चार शिव्या तरी घालायच्या होत्यास!"

"दादा, आधी पाणी देशील का? चार मजले झालेत."

मी पाणी आणलं. काका खुर्चीत टेकला नाही, टीव्हीसमोर उभा राहिला, जणू त्याला टीव्ही अंगाने झाकायचा होता.

"सतरात काय आहे?" बाबांनी विचारलं.

"वहिनीने सांगू नका म्हटलं होतं."

"मला?"

"तुलाच."

बाबांनी माझ्या हातातून रिमोट घेतला. काका बाजूला झाला. बाबांच्या जाड अंगठ्याखाली बटणं नीट दाबली जात होती. त्या रकान्यात मी नंतर खूण केली.

आईने वाटाणे खाली ठेवले. कॅमेऱ्याच्या बाजूला पाहिलं. याच जागी बाबा श्वास घ्यायचे. त्यांनी घेतला, आणि तो त्यांच्या छातीतच राहिला.

"भावजी, एक सांगू? ह्यांना बोलू नका," आई म्हणाली. "मला भीती वाटते हो. दिवसा नाही एवढी. पहाटे जाग येते तेव्हा वाटतं, ह्यांना हलवून उठवावं. मग म्हणते, झोपू दे. संध्याकाळी हे शीळ घालत जिना चढतात ना, ती ऐकू आली की मी तोंड धुऊन घेते. ह्यांना वाटतंय सगळं ठीक चाललंय, तर वाटू दे."

काकाचा तरुण आवाज आला, "वहिनी, बंद करू का?"

"करा."

चित्र संपलं.

"ती शीळ," बाबा म्हणाले. "चार मजले चढून वर येईपर्यंत तोंड कसं करायचं ते कळायचं नाही. म्हणून घालायचो मी शीळ."

काका खाली बसला. "आवाज गेला असं तू सांगितलंस ना, तेव्हा मला एका बाजूने हायसं वाटलं होतं," तो म्हणाला. "वाटलं, वहिनीचं गुपित राहिलं. म्हणून तुझं सगळं ऐकून घेतलं."

"म्हणजे मी खोटं पाठ केलंय?"

आम्ही तिघांनी वळून पाहिलं. चिंगी खोलीच्या दारात उभी होती. उशी हातात होती, कानांवर नव्हती. तिने किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"दुधाचं कोण म्हणालं होतं?" तिने विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

"आणि 'मी कुठे जात नाही'?"

"तेही मीच."

"मग आई माझ्याशी कधी बोलते?"

मला माहीत नव्हतं. दोन फाइली ऐकल्या होत्या आणि दोन्हींत ती काकाशी बोलत होती. तेवीसही फाइलींत ती काकाशीच बोलत असेल, तर या मुलीकडे आईचं एक वाक्यसुद्धा उरणार नव्हतं. सकाळपर्यंत तिच्याकडे तेवीस फाइली भरून वाक्यं होती.

"बोलते," काका एकदम म्हणाला. "अगं, बोलते! थांब, कुठल्यात ते आठवू दे. बटणांची बरणी होती ती. नऊ? का दहा?"

नऊ नंबर. आई शर्टाला बटण लावत होती. मग एकदम खाली बघून तिने हात पुढे केला. बाबा इथे म्हणायचे, "माझी गुणाची बाई ती."

"ए! काय घातलंस तोंडात?" आई कडाडली. "थुंक! थुंक म्हणते ना! भावजी, कॅमेरा कसला धरून बसलाय, तिने बटण गिळलं! चिंगे, आ कर! आ!"

कॅमेरा खाली पडला. चित्रात फरशी आली, टेबलाचा पाय आला आणि कोणाचं तरी भोकाड. मग अगदी जवळून आईचा धापा टाकणारा आवाज आला, "निघालं. दोन निघाली. दोन घातली होतीस? नालायक कार्टी!" आणि पटापट पापे घेतल्याचे आवाज.

चिंगी डोळे विस्फारून टीव्हीकडे बघत होती.

"मला नालायक म्हणाली," ती म्हणाली.

"आणि कार्टी," काका म्हणाला.

"मी दोन बटणं खाल्ली होती?"

"तिसरं नंतर सापडलं. कुठे ते विचारू नकोस."

चिंगीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. हसणं म्हणावं तर रडण्यासारखा, रडणं म्हणावं तर हसण्यासारखा. तिने नऊ नंबर पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा. चौथ्या वेळी ती आईच्या बरोबरीने "थुंक म्हणते ना!" म्हणाली. मग वळून म्हणाली, "आता बाबांचं."

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि नऊ नंबर पुन्हा लावला. आई खाली वाकली. बाबांनी तोंड उघडलं. काही आलं नाही.

"बाबा, 'माझी गुणाची'..."

"नाही येत गं," बाबा म्हणाले. "खरं ऐकल्यावर कसं येणार?"

"पण ते माझं आहे!" चिंगी म्हणाली. "हे पण पाहिजे मला आणि ते पण पाहिजे."

बाबा मान हलवत राहिले. तेव्हा तिने माझ्या हातातला रिमोट ओढला, सतरा नंबर लावला आणि आईच्या ओठांवर स्वतःच बोलायला लागली. "तुम्ही आहात तिथेच मी आहे. मी कुठे..."

"उलटं म्हणालीस," बाबा म्हणाले.

"नाही म्हणाले."

"म्हणालीस. 'मी कुठे जात नाही' आधी. ती वाटाणे ठेवते ना, तिथे. आणि मग थांबायचं. ती खिडकीकडे बघते तेवढं थांबायचं."

"मग करून दाखवा."

बाबांनी घसा खाकरला. मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि खुर्चीच्या हातावर ठेवला. आई वाटाणे ठेवत होती.

"मी कुठे जात नाही," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग ती खिडकीकडे बघते तेवढं थांबले. "तुम्ही आहात तिथेच मी आहे."

काका भिंतीकडे तोंड करून उभा होता.

त्या आठवड्यात बाबांनी डिस्क कॉम्प्युटरला लावायची परवानगी दिली. आधी मी दोन प्रती केल्या. एक काकाकडे गेली. मग बाबांचे सगळे बोल फोनवर घेतले आणि तेवीसही फाइलींना दुसरा आवाज म्हणून जोडले. पहिला आवाज आईचा तसाच ठेवला. चार आणि सतरा जमवायला जास्त वेळ लागला, कारण चिंगी शेजारी बसून चुका काढत होती. सिनेमाच्या फाइलीत दोन भाषा असतात आणि रिमोटवरून हवी ती निवडता येते. हे तसंच होतं.

पुढच्या रविवारी मी तिन्ही प्लेअर पुन्हा टेबलावर मांडले. काकाने डबे तापतात का ते हात लावून पाहिलं. तक्त्यात सहावा रकाना आखला: आवाज बदलता येतो का, आणि किती वेळात. पहिल्याला दुसरा आवाज दिसलाच नाही. दुसऱ्याला बाबांचा आवाज वाजवता आला, आईचा नाही. तिसऱ्याच्या रिमोटवर त्यासाठी वेगळं बटण होतं. चिंगीने सतरा नंबर लावला, बटण दाबायला बसली आणि मी घड्याळ धरलं.

तिसरा प्लेअर, फाइल सतरा, एका आवाजावरून दुसऱ्या आवाजावर जायला लागणारा वेळ, दहा वेळा मोजून सरासरी: १.३ सेकंद.